सहाव्या लेनची रेघ

फक्की मारायची वेळ आली की मावशी कुणाच्याच नसायच्या. एरवी शाळेत कुणीही हाक मारावी आणि मावशींनी 'आले' म्हणावं. डस्टर हरवलं, मावशी. कुणाच्या नाकातून रक्त आलं, मावशी. इतिहासाच्या सरांचा चष्मा त्यांच्याच कपाळावर असला तरी तो शोधायला मावशी. पण वसंतात, वार्षिक आठवड्यातल्या शर्यतींच्या आदल्या दिवशी, चुन्याच्या पांढऱ्या पुडीची बादली आणि तळाला भोकं पाडलेला डबा घेऊन त्या मैदानात उतरल्या, की खुद्द शिक्षणमंत्री आले असते तरी त्यांना कुंपणाबाहेर थांबावं लागलं असतं. एकदा गणिताच्या सरांनी घाईघाईत ताज्या रेघेवर पाय दिला होता. ते सर पुढे निवृत्त झाले, त्यांना नातवंडं झाली, पण त्यांचं नाव निघालं की मावशी अजूनही म्हणायच्या, "तो होय, रेघेवरून चालणारा!"

पोरांनी त्यांचं नाव ठेवलं होतं फक्कीमावशी. वय त्रेपन्न, डावा गुडघा कुरकुरणारा, आवाज मात्र तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचणारा. फक्की मारणारा माणूस उलट्या पावलांनी चालतो, नाहीतर आपलीच रेघ आपल्याच पायाखाली येते. मावशी तेवीस वर्षं त्या मैदानावर अशा उलट्या चालत होत्या, आणि या काळात त्यांची एकही रेघ वाकडी गेली नव्हती. नोकरी मात्र सरळ नव्हती. ती वर्षावर्षाच्या बोलीवर होती. दर वसंतात मुख्याध्यापकांच्या सहीचं मुदतवाढीचं पत्र यायचं, तेव्हा कुठे पुढचं वर्ष मावशींचं व्हायचं.

वार्षिक आठवड्यात शाळेचं लग्नघर होऊन जाई. भिंतीकडेच्या झाडांना पोपटी पालवी फुटलेली असे, आणि तेवढ्यात दहावीचे दोन वर्ग एकमेकांशी बोलेनासे होत, कारण दोघांनाही नाटकासाठी एकच पडदा हवा असे. सोमवारी विज्ञानाचं प्रदर्शन. त्यात दरवर्षी कुणाचा तरी ज्वालामुखी वेळेआधीच उतू जायचा आणि मावशी फडकं घेऊन धावायच्या. मग गाणी, नाटकं, शुक्रवारी जुन्या विद्यार्थ्यांचा चहा, आणि शनिवारी शर्यती. सगळी वस्ती शाळेत राबायची. कुणाची आई पडद्याला टाके घालायची, कुणाचे वडील लाउडस्पीकरच्या वायरी ओढायचे. सुतारकाम करणारे एक आजोबा विजेत्यांसाठी तीन पायऱ्यांचं लाकडी व्यासपीठ ठोकून द्यायचे, आणि त्यांच्या हातून दरवर्षी दुसरी पायरी तिसरीपेक्षा बुटकी व्हायची. कुणी काही म्हणायचं नाही. दुसऱ्या आलेल्या मुलांनी ते कधीच मनाला लावून घेतलं नव्हतं.

यंदा मुख्याध्यापिकाबाईंनी शर्यतींचं काम बाहेरच्या माणसाला दिलं. त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणायचे. त्या वाईट नव्हत्या, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. दोन वर्षांत त्यांनी गळकं छप्पर दुरुस्त करून घेतलं होतं, मुलींच्या स्वच्छतागृहांना कड्या बसवल्या होत्या. पण शाळा चांगली असावी यापेक्षा ती चांगली दिसावी याची त्यांना जरा जास्त घाई होती. संस्थेचे अध्यक्ष पहिल्यांदाच शर्यतींना येणार होते. म्हणून मग लग्नमंडप सजवणारा एक सजावटवाला आला. त्याच्याकडे रंगीत पूड होती, फुग्यांची कमान होती, आणि उंच काठीवर बसवलेला कॅमेरा होता.

"मावशी, यंदा तुम्ही दमू नका," मोठ्या बाई म्हणाल्या. "ते लोक सगळं करतील. तुम्ही फक्त मंडपात पाहुण्यांना पाणी द्या."

हे ऐकून मावशींना बरं वाटलं असेल, असं बाईंना अगदी मनापासून वाटलं. मावशींनी शुक्रवारी दुपारपर्यंत कसाबसा जीव आवरला. मग 'नुसतं बघून येते' असं स्वतःलाच सांगून त्या मैदानाच्या कडेला जाऊन उभ्या राहिल्या.

मैदानात गुलाबी आणि निळ्या रेघा होत्या. मावशींनी आधी वळणं पाहिली. चांगली घेतली होती, मानलं पाहिजे. सहाही लेन बरोबर एकेक मीटर रुंद होत्या, जुन्या खुणांवरूनच आखल्या होत्या. मग त्यांची नजर दहावीच्या मुलींच्या शर्यतीकडे गेली. सगळ्या दिवसाची ती मोठी शर्यत, मैदानाला पूर्ण एक फेरी. सहा लेनवरून आडवी एकच सरळ गुलाबी रेघ ओढली होती. वर फुग्यांची कमान, आणि खाली सोनेरी अक्षरांत 'सुरुवात'.

मावशींच्या अंगाचा तिळपापड झाला. ज्यांनी कधी मैदान आखलेलं नाही त्यांना हे कळायचं नाही, म्हणून सांगतो. गोल मैदानावरच्या लेन म्हणजे एकात एक ठेवलेली ताटं. आतल्या ताटाची कड लहान, बाहेरच्याची मोठी. बाहेरच्या लेनमधल्या पोरीला मोठा फेरा पळावा लागतो. म्हणून तिला तेवढंच पुढे उभं करायचं, दुसरीला थोडं, तिसरीला आणखी थोडं, जिन्याच्या पायऱ्या चढत जाव्यात तसं. म्हणजे मग शेवटच्या रेघेपर्यंत सगळ्यांचं अंतर सारखं होतं. या मैदानावर लेनमागे सहा मीटर, वर एक वीत आणि चार बोटं. सहाव्या लेनला पोचेपर्यंत ते होतं साडेएकतीस मीटर.

"अहो दादा," मावशी सजावटवाल्याला म्हणाल्या, "ही सुरुवात चुकलीय तुमची."

"चुकली नाही हो. मुद्दामच घेतलीय," तो फुग्याला गाठ मारत म्हणाला. "सहा जणी एका रेघेत, वर कमान. फोटोत बघा कशा उठून दिसतील! त्या पुढंमागं उभ्या राहिल्या की पांगल्यासारख्या दिसतात."

मावशी ग्राउंडच्या सरांकडे गेल्या. खेळ शिकवणाऱ्या या सरांना नोकरीला लागून जेमतेम वर्ष झालं होतं. त्यांनी मान खाली घातली. "मला माहितीय मावशी. मी मोठ्या बाईंशी एकदा बोललो. अध्यक्षांना छान दिसलं पाहिजे म्हणाल्या. आता परत कसं बोलू?" मावशींना त्यांचा राग आला आणि कीवही आली. पक्की न झालेली नोकरी म्हणजे काय, हे त्यांच्याइतकं त्या शाळेत कुणाला ठाऊक होतं?

मग त्या सरळ ऑफिसात गेल्या. मोठ्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी त्या म्हणाल्या, "मावशी, शाळेचीच तर शर्यत आहे. कुठं देशाची आहे? मुलींना मजा करू द्या ना."

"शाळेचीच आहे म्हणून तर सांगतेय बाई. देशाची असती तर सांगायला दुसरी माणसं असती."

बाईंचा चेहरा उतरला. टेबलावर कागदांचा गठ्ठा होता, त्यावर त्यांनी बोट ठेवलं. "तुमच्या मुदतवाढीचं पत्र यात आहे. सोमवारी सह्या करायच्यात. उद्या पाहुण्यांसमोर काही गडबड झाली तर मला विचार करावा लागेल. मला तशी वेळ आणू नका."

मावशी तशाच बाहेर आल्या.

आता थोडं मागचं सांगायला हवं. मावशी याच शाळेत शिकल्या होत्या. तेव्हा त्या पंधरा वर्षांची काटकुळी पोर होत्या, आणि याच मैदानावर याच शर्यतीत पळाल्या होत्या. लेन सहावी. त्या काळच्या कवायतीच्या मास्तरांनी सगळ्यांसाठी एकच आडवी रेघ मारली होती. अडाणीपणानं मारली की आळसानं, देव जाणे. पहिली येईल तिला मोठ्या शहरातल्या क्रीडाशाळेत जागा मिळायची, राहणं-शिकणं सगळं तिथंच. मावशी दुसऱ्या आल्या. चार पावलांनी हरल्या. पहिल्या लेनमधून पहिली आलेली पोरगी क्रीडाशाळेत गेली, आणि मावशी शर्टांच्या कारखान्यात कॉलर शिवायला गेल्या. पंधरा वर्षं त्यांनी कॉलर शिवल्या. या पंधरा वर्षांत त्यांनी ती शर्यत मनातल्या मनात हजारदा पळून पाहिली. शेवटच्या वळणावर आणखी जरा जोर लावला असता तर? सकाळी पोटभर खाल्लं नसतं तर? आपल्यातच कस कमी होता, हे त्यांनी स्वतःला पटवून दिलं होतं.

मग कारखाना बंद पडला आणि त्या या शाळेत शिपाई म्हणून लागल्या. पहिल्याच वसंतात तेव्हाच्या ग्राउंडच्या सरांनी त्यांच्या हातात गाठी मारलेल्या एका लांब दोरीचं टोक दिलं. "हे या रेघेवर धरून ठेवा," म्हणाले, आणि दुसरं टोक घेऊन सहाव्या लेनमधून चालायला लागले. चालले, चालले, आणि पार वळणापाशी जाऊन त्यांनी खूण केली.

"सर, ही पोर एवढ्या पुढं का?" मावशींनी विचारलं.

"तिचा फेरा मोठा ना. एका रेघेत उभी केली तर साडेएकतीस मीटर जास्त पळावं लागेल बिचारीला."

मावशींच्या हातातून दोरी सुटली. त्या तिथंच मातीत बसल्या. साडेएकतीस मीटर जास्त पळून त्या चार पावलांनी हरल्या होत्या. म्हणजे त्या त्या दिवशी सगळ्यांच्या पुढे होत्या, कितीतरी पुढे, आणि हे मैदानावर एकालाही कळलं नव्हतं. आधी त्यांना हसू आलं. मग जे रडू आलं ते सरांना कशानं आवरावं कळेना. त्यांनी पाण्याची बाटली पुढे केली, दुसरं काय करणार? थोड्या वेळानं मावशी उठल्या, डोळे पुसले आणि म्हणाल्या, "सर, आजपासून ही फक्की मी मारणार." त्या दिवसापासून ते काम त्यांचं झालं. सर निवृत्त झाले तेव्हा ती गाठींची दोरी त्यांनी मावशींनाच देऊन टाकली.

शुक्रवारी संध्याकाळी मावशींनी घरी नवऱ्याला सगळं सांगितलं. नवरा बसवर कंडक्टर होता. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली तरी घरात कुणी दारात उभं राहिलं की 'पुढं सरका, पुढं जागा आहे' म्हणायचा. तो धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होता.

"पत्रावर सही झाली नाही तर?" त्यानं विचारलं.

"नाही झाली तर नाही झाली."

"म्हणजे उतरायचं कुठं ते ठरवलेलं नाही."

"आधी चढू तर द्या."

त्यानं हातातला टॉवेल ठेवला. मग तो स्टुलावर चढला, माळ्यावरून दोरी काढली आणि तिचा गुंता सोडवत बसला. पाचही गाठी त्यानं एकेक करून ओढून पाहिल्या.

शनिवारी मैदान माणसांनी फुलून गेलं होतं. लहान भावंडं कुंपणावर चढून बसली होती. मंडपात अध्यक्ष, शेजारी मोठ्या बाई, आणि ट्रेमध्ये पाण्याचे ग्लास घेऊन मावशी. लंगडी झाली, पोत्यांची शर्यत झाली, पालकांची रस्सीखेच झाली. रस्सीखेचीत सुतार आजोबा पडले आणि उठून म्हणाले, जमीनच वाकडी आहे. मग दहावीच्या मुली आल्या. चिठ्ठ्या टाकून लेन वाटल्या होत्या. पहिल्या लेनमध्ये लंबू, म्हणजे वर्गातली सगळ्यात उंच मुलगी. सहाव्या लेनमध्ये चष्मेवाली. चष्मेवाली वर्षभर रोज सकाळी शाळा उघडण्याआधी येऊन पळायची. तिच्यासाठी फाटकाचं कुलूप मावशीच काढायच्या. सहाही जणी कमानीखाली उभ्या राहिल्या. कॅमेऱ्याची काठी वर गेली.

मावशींनी ट्रे अध्यक्षांच्या पुढ्यात ठेवला. "पाणी तुमचं तुम्ही घ्या," म्हणाल्या, आणि चालू लागल्या.

मंडपामागे त्यांची बादली, डबा आणि दोरी तयारच होती. ती घेऊन त्या सगळ्यांच्या देखत मैदानात शिरल्या. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. त्याला वाटलं, हाही कार्यक्रमाचाच भाग आहे. मावशींनी सहाव्या लेनपाशी बादली ठेवली आणि तिथं त्यांच्या लक्षात आलं की आपण एकट्या आहोत. दोरीचं एक टोक रेघेवर धरायला कुणीतरी हवं. तेवीस वर्षं कुणी ना कुणी ते धरलं होतं. त्यांनी सरांकडे पाहिलं. सर बुटांची नाडी बांधत होते, जी आधीच बांधलेली होती.

"मावशी, कृपया मैदानाबाहेर या," माइकवरून मोठ्या बाईंचा आवाज आला. "मावशी! मी तुम्हाला सांगतेय."

"ऐकू येतंय!" मावशी माइकशिवायच ओरडल्या, आणि ते कुंपणापर्यंत गेलं.

तेवढ्यात लंबू आपली लेन सोडून आली. "द्या, मी धरते."

"तू पहिल्या लेनची ना गं? कळतंय ना काय करतेयस ते?"

"कळतंय की. सरांनी शिकवलंय. परीक्षेत पाच मार्कांना होतं."

मावशींना त्याही स्थितीत हसू फुटलं. लंबूनं टोक रेघेवर दाबून धरलं आणि मावशी दोरी लेनच्या कडेनं वळणाला चिकटवत निघाल्या. पाचवी गाठ आली तिथं थांबल्या, डबा हलवला, पांढरीशुभ्र रेघ मारली. मग पाचवी लेन, चौथी गाठ. मग चौथी लेन. गुलाबी मैदानावर एकेक पांढरी रेघ उमटत गेली. माइक दोनदा खरखरला आणि गप्प झाला. दुसऱ्या लेनची रेघ मारून मावशी ताठ झाल्या, तेव्हा गुडघा चांगलाच बोलत होता.

चष्मेवाली सगळ्यात आधी आपल्या रेघेवर जाऊन उभी राहिली. मागून बाकीच्या. लंबू मागे, गुलाबी रेघेवर, एकटीच. सजावटवाल्यानं कपाळावर हात मारला. आणि मग ग्राउंडचे सर आले. त्यांचे कान लालबुंद झाले होते. त्यांनी मंडपाकडे पाहिलंच नाही. प्रत्येक रेघेपाशी जाऊन मुलींचे पाय तपासले आणि शिट्टी फुंकली.

मुली सुटल्या. पहिल्या वळणावर कोण पुढं आहे ते कुणालाच कळेना, कारण सगळ्या पांगलेल्या. शेवटच्या सरळ भागात त्या सहाही जणी जवळजवळ एका ओळीत आल्या, आणि सगळं मैदान उभं राहिलं. तिसऱ्या लेनमधली मुलगी जिंकली. लंबू दुसरी. चष्मेवाली चौथी आली.

ती धापा टाकत मावशींजवळ आली. डोळ्यांत पाणी होतं. "मावशी, तुम्ही एवढं केलंत आणि मी चौथी."

"बघितलं मी. चौथीच आलीस," मावशी म्हणाल्या. "वाईट वाटतंय ना? वाटू दे. पण ही चौथी तुझी आहे गं, रेघेची नाही. उद्या जास्त पळ आणि तिसरी ये. पंधरा वर्षं स्वतःला खात बसायची वेळ तुझ्यावर येणार नाही, एवढंच माझ्या हातात होतं." आणि त्यांनी तिला पोटाशी धरलं, हाताची फक्की तिच्या पाठभर लागली तरी.

सोमवारी मोठ्या बाईंनी लेखी खुलासा मागितला. मावशींनी वहीचं एक पान फाडून तो लिहून नेला. 'मी शनिवारी एकही रेघ पुसली नाही. पाच रेघा जास्तीच्या मारल्या. त्या किती अंतरावर मारल्या ते खाली लिहिले आहे.' आणि खाली पाच आकडे. माफीचा त्यात एक शब्दही नव्हता.

बाईंनी ते दोनदा वाचलं. "अध्यक्षांसमोर माझी काय शोभा झाली, कळतंय तुम्हाला?"

"कळतंय. बाई, पाच मिनिटं मैदानात येता?"

"कशाला?"

"सही करायची नसेल तर करू नका. पण त्याआधी एकदा चालून बघा."

का कोण जाणे, बाई उठल्या. मैदान रिकामं होतं, गुलाबी पूड वाऱ्यानं अर्धी उडालेली. मावशींनी त्यांना सहाव्या लेनमध्ये त्या गुलाबी रेघेवर उभं केलं आणि स्वतः पहिल्या लेनमध्ये उभ्या राहिल्या. "माझ्या पावलाला पाऊल टाकायचं. मी मोजते," म्हणाल्या, आणि मोठ्यांदा मोजत निघाल्या. खिडक्यांतून आख्खी नववी बघत होती. पहिल्या वळणावर बाई मागे पडल्या, दुसऱ्या वळणावर आणखी. मावशी दुखऱ्या गुडघ्यानं रेघेवर पोचल्या आणि वळून ओरडल्या, "थांबा तिथंच!"

बाई थांबल्या. त्या कितीतरी मागे होत्या.

"मी जिंकले," मावशी म्हणाल्या. "तुमच्याहून सहा वर्षांनी मोठी, एका पायानं लंगडी, आणि मी जिंकले. याच लेनमधून मी पळाले होते बाई, पंधरा वर्षांची असताना. अशाच एका रेघेवरून. क्रीडाशाळेची जागा होती त्या शर्यतीवर."

बाईंनी समोरच्या जमिनीकडे पाहिलं. मग त्या हळूहळू चालत आल्या, स्वतःशी पावलं मोजत. रेघेवर पोचल्या तेव्हा म्हणाल्या, "पंचेचाळीस." मग त्यांनी विचारलं, "आणि तुम्ही कितीनं हरला होतात?"

"चार."

"चार?"

"चार," मावशी म्हणाल्या.

बाईंनी पायातल्या चपलेची माती झटकली. मग त्या ऑफिसकडे निघून गेल्या.

दुपारी पत्र आलं. सही झाली होती. कामांच्या रकान्यात झाडलोट, घंटा, पाणी एवढं छापलेलं होतं, आणि त्यापुढे पेनानं लिहिलं होतं, 'मैदानाची आखणी'. मावशींनी ते उभ्याउभ्या वाचलं आणि परत ऑफिसचं दार ढकललं.

"बाई, यात एक राहिलंय."

"आता काय राहिलं?"

"आखणी चालू असताना मैदानात कुणी पाय ठेवायचा नाही. तेही लिहा."

मोठ्या बाईंनी पेनाचं टोपण काढलं. "अध्यक्षांनीसुद्धा?"

"त्यांनी आधी," मावशी म्हणाल्या.